भाऊकाकांचं नाशिक

जगात काहीही घडो, आमच्या भाऊकाकांचा पहिला प्रश्न एकच असायचा. ‘जेवायला काय होतं?’ तुम्ही लग्नाहून या, मुंजीहून या, नाहीतर कोर्टाची तारीख करून या. मी भोपाळला नोकरीचा इंटरव्ह्यू देऊन आले तेव्हा काकूनं सकाळपासून देव पाण्यात घातले होते, आणि काका दारातच म्हणाले, ‘दुपारी खाल्लंस काय?’ मी म्हटलं, ‘काका, नोकरी मिळाली!’ तर म्हणाले, ‘ते कळलं तुझ्या तोंडावरून. खाल्लंस काय ते सांग.’ कुणाकडे कुणी गेलं, आणि रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी त्या घरी पिठलं-भात पोचवला, तर समाचाराला जाऊन आलेल्या काकूला ते हळूच विचारत, ‘पिठलं पातळ होतं की घट्ट?’ काकू कपाळाला हात लावायची.

हावरट म्हणाल तर मुळीच नाही. चार घास खाणारा माणूस. पण ते चार घास माणसांत बसून खायचे, हा हट्ट. ‘घाईत खाल्लेलं अंगी लागत नाही आणि एकट्यानं खाल्लेलं जिभेला लागत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बँकेत होते तेव्हा डबा एकट्यानं कधी उघडला नाही. चपराशी असो, मॅनेजर असो, काउंटरवर ताटकळलेला एखादा शेतकरी असो, ‘आओ भिया, दो कौर तो लो,’ म्हणून टेबलाशी ओढायचे. घरी सगळे पानावर बसल्याशिवाय भाताला हात नाही. आणि पहिला घास घेतला की काकूशी वाद. काकू म्हणणार, ‘आमटीत मीठ कमी झालंय.’ काका म्हणणार, ‘मीठ बरोबर आहे. गूळ कमी आहे.’ रोज. मी लहानपणापासून हा वाद ऐकत जेवले. आई-बाबा गेल्यावर उज्जैनला माधवनगरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि खाली ते दोघं, त्यांना मूलबाळ नाही, तेव्हा तर जेवण खालीच. एखाद्या दिवशी मिठावरून वाद झाला नाही तर मला जेवल्यासारखं वाटायचं नाही.

पुण्याचे नातेवाईक आले की आमच्या मराठीला हसायचे. ‘काय करून राहिलात म्हणे!’ काका म्हणायचे, ‘हसा बिलकुल. आमचे पूर्वज सरदारांच्या मुदपाकखान्यावर कारकून म्हणून इकडे आले. भाषा वाटेत सांडली असेल थोडी, फोडणी नाही सांडली.’ या पाहुण्यांना महाकाळाचं दर्शन काकू घडवायची आणि काळभैरवाला काका न्यायचे. तिथे देवाला दारूचा नैवेद्य असतो. पुजारी बशी देवाच्या ओठांना लावतो आणि बशी रिकामी होते. पाहुणे आ वासून बघत राहायचे. जन्मात थेंबाला न शिवलेले काका ऐटीत सांगायचे, ‘आमच्याकडे असंच आहे. देव पितो, अपन बघतो.’ पुढे शहरातली दारूची दुकानं बंद झाली तेव्हा म्हणाले, ‘घ्या! आता तर बघण्याशिवाय गतीच नाही.’

अशा माणसाचं नेमकं नरडंच धरायचं देवाला सुचलं.

अन्ननलिकेत गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, आणि मग पोटाला भोक पाडून एक नळी बसवून दिली. जाड सिरिंजमधून डाळीचं पाणी, दूध, कसली कसली पावडर थेट पोटात ढकलायची. तोंडाचं काम संपलं. पाण्याचा घोटसुद्धा गिळायचा नाही, वाट चुकून श्वासात गेला तर खेळ खलास. काकांनी पहिल्यांदा नळीतून ‘जेवण’ झाल्यावर पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हे तर स्कूटरमध्ये पेट्रोल भरून राहिलेत.’ आम्ही हसलो. मग मी वर जाऊन दार लावून ओक्साबोक्शी रडले.

उपाशी माणसासमोर जेवू नये, ही आमच्या घरची शिकवण. काकूनं ती अक्षरशः घेतली. खालचं स्वयंपाकघर बंद. फोडणी बंद. जे काय शिजायचं ते वर माझ्याकडे, खिडक्या लावून. काकांना डुलकी लागली की काकू जिना चढून यायची, ओट्याशी उभ्याउभ्या पोळीचा तुकडा कशाशी तरी खायची, तोंड धुऊन खाली जायची. ‘यांना वास जायला नको गं.’ मी आमटी केली तर म्हणायची, हिंग घालू नकोस. बिनहिंगाची आमटी! मिठाचा वाद घालायला कुणी नव्हतंच. काकूची पोलकी सैल व्हायला लागली होती. आम्हाला वाटत होतं, आपण किती जपतोय त्यांना.

एक दिवस काकांनी दूधवाल्याला पटवून कचोरी मागवली. मोरीत जाऊन, कडी न लावता, ती हळूहळू चघळत होते आणि बेसिनमध्ये थुंकत होते. काकूनं बघितलं. ही बाई ताटात पाणी घालून ते पिणारी, भाताचं शीत सांडलं तर उचलून कपाळाला लावणारी. ‘अहो, अन्नावर थुंकता?’ एवढंच म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तोंडाला पदर लावला. काका तोंड पुसत म्हणाले, ‘गिळता येत नाही गं. चव तर येते ना अजून.’ काकूनं मान वर केली नाही. त्यांनी उरलेली कचोरी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या दिवसापासून ते नळीलाही नको म्हणायला लागले. ‘आज राहू दे. पोट भरलंय.’ सिरिंज घेऊन मी उभी, आणि ते भिंतीकडे बघतायत. मी रागावले, हात जोडले, शपथा घातल्या. शेवटी एका दुपारी भिंतीकडेच बघत ते बोलले.

‘मिनू, मला वरून वास येतो. नाक शाबूत आहे माझं. तुम्ही कधी जेवता, काय जेवता, सगळं कळतं. आजारी मी पडलो, आणि पंगत तुम्ही उठवलीत. वाळीत टाकलंत मला.’

मी काकूला सांगितलं तर ती उसळली. ‘त्यांच्यासमोर बसून गिळायला मी काय राक्षसीण आहे?’ दोघंही खरंच बोलत होते. मला मात्र वेड लागायचं बाकी होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर फार दिवस नाहीत. गेलं तरी फार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं, पण मला पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं.

काकांचा सगळा वेळ मोबाइलवर जायचा, आणि बघायचे काय, तर खाण्याचे व्हिडिओ. कुणी पराठे लाटतंय, कुणी जिलबी सोडतंय. मला बघवत नसे. एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते, खालून हाक आली. आवाज घोगरा झाला होता, पण हाक जुनी होती. ‘मिनू! इकडे ये! अगं, हे लोक थुंकून राहिलेत!’

मी चप्पल पायात तशीच धावले. मोबाइलवर नाशिककडचा कुठला तरी द्राक्षमळा होता. टोप्या घातलेली शहरी माणसं लांब टेबलाशी बसली होती. पेला हलवायचा, नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा, आणि शेजारच्या बादलीत पच्कन थुंकायचा. मग एकमेकांकडे बघून माना डोलवायच्या.

‘बघितलंस? गिळत नाहीत! आणि कोणी काही म्हणत नाही, उलट वाहवा करून राहिलेत. मतलब, हे असंच असतं?’

‘वाइन टेस्टिंग म्हणतात त्याला. खूप चाखायच्या असतात, म्हणून थुंकतात. नाहीतर चढेल ना.’

काका उठून बसले. कितीतरी दिवसांनी आपणहून उठून बसले. ‘मला न्यायचं तिथे. शनिवार-रविवार. तुला सुट्टी असते.’

मला हसावं की रडावं कळेना. उज्जैनहून नाशिक म्हणजे काय कोपऱ्यावर आहे? सेंधव्याचा घाट, धुळं, मालेगाव, सगळा दिवस गाडीत. ज्याला मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं त्याला? पण त्यांनी बाजूची सिरिंज उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘भर पेट्रोल. गाडी लांब जायचीय.’

मग काय, मी हो म्हटलं. त्या क्षणी त्यांनी चंद्रावर न्यायला सांगितलं असतं तरी म्हटलं असतं.

त्यांच्यासमोरच मळ्यावर फोन लावला. फोनवर गोड आवाजाची मुलगी. तिनं टेस्टिंग कधी असतं वगैरे सांगितलं आणि विचारलं, ‘मॅडम, सोबत लंच घेणार ना?’ मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी ‘नको’ म्हटलं आणि घसा खाकरून विचारलं, ‘थुंकायची सोय असते ना?’ तिनं आधी ‘कसली?’ म्हणून विचारलं. मग ती म्हणाली, ‘हो मॅडम, प्रत्येक टेबलावर बादली असते.’

‘प्रत्येक टेबलावर?’ काकांनी विचारलं.

‘प्रत्येक टेबलावर, काका.’

त्यांनी ते दिवसभर स्वतःशी घोळवलं. दूधवाल्यालाही सांगितलं.

काकूचा पारा मात्र चढला. ‘जन्मभर शिवले नाहीत, आणि आता या अवस्थेत दारू? आणि तीही थुंकायला? मग नेतेस कशाला?’ माझ्यावरच घसरली. ‘रस्त्यात काही झालं म्हणजे? धुळ्याला कोण आहे गं आपलं?’

काका अंथरुणावरून म्हणाले, ‘अगं, दारूसाठी नाही चाललो. बसायला चाललो. टेबलाशी.’

काकू सिरिंज धुवायला निघून गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

डॉक्टरांना विचारलं. ते आधी रागावले, मग म्हणाले, ‘थुंकणार असतील तर ठीक आहे, पण थेंब मागे जाता कामा नये. आणि स्वतःच्या पायांनी गाडीत बसले तरच न्या.’ झालं, काकांनी तालीम सुरू केली. रोज सकाळी पलंगापासून फाटकापर्यंत. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर. पहिल्यांदा तुळशीपाशीच धाप लागली. मग एक दिवस फाटकाला हात लागला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, ‘नासिक जा रहे हैं!’

दुसरी तालीम थुंकण्याची. मागच्या अंगणात खुर्ची टाकून, पुढे बादली ठेवून, आवळ्याचं सरबत तोंडात घोळवायचे आणि नेम धरायचे. ‘धार सरळ पडली पाहिजे, मिनू. ओघळ आला तर इज्जत गेली. ते सगळे सूटबूटवाले असणार.’ हनुवटीवरून ओघळ यायचाच. मी रुमालानं पुसायची, ते रुमाल हिसकावून घ्यायचे. कपडेही काढून ठेवले होते, भैरवगढच्या छापाचा कुडता, बँकेतल्या निरोप समारंभाचा. तो अंगावर चढवला तर आत दुसरा एक काका मावला असता. काकू दारातून हे सगळं बघायची आणि आत जायची.

मी गाडी ठरवली, ड्रायव्हर ठरवला, धुळ्याला मुक्कामाची खोली बघितली, सिरिंजा आणि पावडरी पिशवीत भरल्या. आणि रोज सकाळी जिना उतरताना मनात एकच. आज फाटकापर्यंत जातील ना? दिवस जवळ येत होता आणि त्यांचे पाय लहान होत चालले होते. फाटक, मग तुळस, मग व्हरांड्याची पायरी. पायरीवरून ते म्हणाले, ‘आज ऊन फार आहे.’ ऊन बिलकुल नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते उठलेच नाहीत. अंग तापलं होतं, छातीत घरघर. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले आणि जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी जिन्यात बसून मळ्यावर फोन केला. ती मुलगी म्हणाली, ‘काही हरकत नाही मॅडम, पुढच्या वीकेंडला या की!’ तिचा काय दोष? पण मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. असं कसं? एवढंच तर मागितलं होतं माणसानं. राजवाडा नाही मागितला, एक टेबल मागितलं!

आत गेले तर काका जागे होते. ‘कॅन्सल केलंस?’

‘नाही हो. पुढच्या शनिवारी ठेवलंय.’

‘बरं केलंस,’ म्हणाले, आणि डोळे मिटले. आम्ही दोघंही एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

शनिवारी मी वर मुद्दाम उशिरापर्यंत लोळत पडले होते. पिशव्या भरलेल्या, गाडीला नको म्हणून कळवलेलं. आणि जिन्यातून हिंगाचा वास आला. चांगला खमंग, मोहरी तडतडल्याचा. मला वाटलं शेजारचा असेल. खाली आले तर काकूच्या स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, आणि काकू घामानं निथळत ओट्याशी. ‘काय बघतेस? पानं घे.’

तिनं जेवणाचं टेबल ओढून काकांच्या पलंगाला भिडवलं होतं. त्यांना पाठीशी उशा लावून बसवलं होतं, आणि तो भैरवगढचा कुडता घातला होता. शोकेसमधले काचेचे पेले, जे लग्नात आहेर आल्यापासून कुणी वापरले नव्हते, ते ओळीनं मांडले होते. एकात आमसुलाचं सार, एकात डाळिंबाचा रस, एकात मठ्ठा, एकात आवळ्याचं सरबत. शेजारी आमटी, भात, श्रीखंड. आणि तिन्ही पानांशी, डाव्या हाताला, एकेक स्टीलचा वाडगा.

मी वाडग्याकडे बघितलं, मग काकूकडे. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ठेवणीतलं पातळ नेसली होती. ती काकांच्या शेजारी बसली, हात जोडून श्लोक म्हणाली, आणि आमटीचा चमचा तोंडात घेतला. डोळे मिटून घोळवली. मग खाली वाकून, पदर बाजूला धरून, तिनं ती वाडग्यात थुंकली. अन्न थुंकली माझी काकू! तोंड पुसून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘मीठ कमी झालंय.’

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चमचा उचलला. मी श्वास रोखून उभी. घोट तोंडात घेतला, घोळवला, गालात या बाजूनं त्या बाजूला नेला, आणि वाडग्यात सोडला. धार सरळ पडली.

‘मीठ बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘गूळ कमी आहे.’

मग काकू जी रडायला लागली! आणि रडतारडता भांडायला लागली, की गूळ अमुक इतका घातलाय, तुमची जीभ बिघडलीय, सत्तरीला आलात तरी तेच. काका एकेक पेला घेऊन त्या सूटबूटवाल्यांसारखे हलवून, नाक खुपसून, घोळवून, थुंकून शेरे देत होते. ‘सार एक नंबर. मठ्ठ्यात आलं जास्त झालंय. डाळिंब जरा कच्चं होतं, पण चलेगा.’ मीही थुंकले. आधी हसू आलं, आणि मग मला काही सुचेनासंच झालं. श्रीखंडाचं बोट त्यांनी किती तरी वेळ जिभेवर धरून ठेवलं होतं. ते थुंकून झाल्यावर उशीला टेकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आता लागलं जिभेला.’

त्यानंतर रोज पंगत खालीच बसली. तीन पानं, तीन वाडगे. पहिला घास काकांबरोबर थुंकायचा, मग आम्ही जेवायचं, त्यांच्यासमोर, मिठावरून वाद घालत. नळीला ते परत कधी नको म्हणाले नाहीत. नाशिकचं नाव कुणी काढलं नाही. पुढचा शनिवार आला आणि गेला. त्याच्या पुढचा त्यांना दिसला नाही. सकाळी काकू तोंड धुवायला पाणी घेऊन गेली, तर झोपेतच संपलं होतं.

शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून ठेवला. काकूनं झाकण उघडून बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, ‘घट्ट आहे.’

रामघाटावर दहाव्याचे विधी आटपून आम्ही पायऱ्या चढत होतो तेव्हा माझा फोन वाजला. तीच गोड आवाजाची मुलगी. ‘मॅडम, या शनिवारी येताय ना? काकांना घेऊन?’ मी म्हटलं, ‘नाही हो. आमचं टेस्टिंग घरीच झालं.’ तिला काय कळलं कोण जाणे, ‘ओके मॅडम’ म्हणाली.

तेराव्याला गोडाचं जेवण. काकूनं सगळं स्वतः केलं, आमटी, भात, श्रीखंड. बाहेर माणसं जमली होती. आधी काकांचं पान वाढायचं होतं, तर मी पाट मांडला, पान ठेवलं, आणि हात आपोआप फळीकडे गेला. वाडगा काढून त्यांच्या डाव्या हाताला ठेवला.

काकू आमटीची वाटी घेऊन आली. वाडगा बघून थांबली. आमटी पानात ठेवली, आणि वाडगा उचलून माझ्या हातात दिला.

‘आता नको गं याचं काम,’ ती म्हणाली. ‘आता गिळतील ते.’